यादीत नसलेला खलाशी

१९४२च्या सुरुवातीच्या महिन्यांत, न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून काही मैलांवर, एका जर्मन पाणबुडीने एक ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवलं. जहाज कलकत्त्याहून निघून, आफ्रिकेला वळसा घालून न्यूयॉर्ककडे चाललं होतं. त्यात ताग आणि मँगनीज भरलेलं होतं. अधिकारी ब्रिटिश होते. डेकवरचे खलाशी रत्नागिरी जिल्ह्यातले होते, बहुतेक एकाच गावचे.

ही माहिती मी १९८५ साली गोळा केली. तेव्हा मी न्यू जर्सीतल्या एका काउंटी दैनिकात कॉपी डेस्कवर होते. त्याआधी सहा वर्षं मुंबईतल्या एका मराठी दैनिकात काम केलं होतं. युरोपातलं युद्ध संपल्याला त्या मे महिन्यात चाळीस वर्षं होणार होती आणि संपादकांना पुरवणी काढायची होती. आपल्या भागात राहणाऱ्या, समुद्रावर युद्ध पाहिलेल्या माणसांच्या हकिगती, असा विषय ठरला. संपादकांनी सगळ्यांना आपापल्या ओळखीत विचारायला सांगितलं.

मराठी मंडळाची संक्रांत एका शाळेच्या कॅफेटेरियात होती. तिथे मी हे वेस्ट विंडसरच्या एका इंजिनिअरला सांगितलं. तो माझ्याच वयाचा, मुंबईत शिकायला आला तेव्हापासून ओळखीचा. सरकारी कंत्राटं घेणाऱ्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत तो काम करायचा.

"माझे बाबा होते की शिपवर," तो म्हणाला. "पण नेव्ही नव्हे हं. साधे खलाशी. चालतील का तुमच्या अमेरिकन पेपरला?"

"चालतील."

"मग ये रविवारी. त्यांचं ऐकायला घरात कोणी उरलेलं नाही. मुलं सरळ म्हणतात, नॉट अगेन, आजोबा."

रविवारी मी गेले तेव्हा त्याचे वडील, म्हणजे काका, गॅरेजमध्ये होते. कोणीतरी देशातून आणलेले सुके बोंबील त्यांनी दोरीवर टांगले होते आणि गॅरेजचं दार बंद ठेवण्यावरून सुनेशी त्यांचा वाद चालला होता. शेजारणीने वासाबद्दल दोनदा तक्रार केली होती. "तिच्या कुत्र्याच्या वासाची मी कधी तक्रार केली काय?" काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तू छापतेस ना, बाय?"

"छापत नाही, काका. इतरांनी लिहिलेलं तपासते. चुका काढते."

"म्हणजे सारंगाचं काम."

सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. काकांनी पहिला अर्धा तास त्याच्यावरच खर्च केला. कंपनी खलाशी नेमायची नाही, सारंग नेमायचा. तो आपल्या गावातूनच माणसं उचलायचा: भाऊ, पुतणे, भाचे, शेजारी. एका घरातले तिघेतिघे एका जहाजावर असायचे. परक्या दर्यावर आपली बोली ऐकू येते म्हणून खलाशांना ते बरं वाटायचं. कोण कामाचा आणि कोण दारू पिणारा हे आधीच ठाऊक, म्हणून सारंगाला सोपं जायचं.

"आणि टॉर्पेडो एकच लागला," काका म्हणाले, "पण आमची अख्खी वाडी गेली."

"तुम्ही होता त्या जहाजावर?"

"नाही. मला ताप होता. मी मुंबईत, गावकऱ्यांच्या खोलीवर पडून. थोरला होता." त्यांनी थोरल्या भावाचं नाव सांगितलं आणि मी ते लिहून घेतलं. ते नाव मला सवयीचं वाटलं, पण का ते तेव्हा लक्षात आलं नाही. "बाकीचं तुला हवं ते छाप. लढाईचं छाप, पाणबुडीचं छाप. पण त्याचं नाव छाप. कुठंच नाही ते. दगडावर नाही, कागदावर नाही. माझं काही खरं नाही आता." त्यांनी छातीवर हात ठेवला. आदल्या वर्षी त्यांना एक झटका येऊन गेला होता. "माझ्यामागं त्याचं नाव घेणारा कोणी नाही गो."

मी छापीन असं सांगितलं.

पुढचे दोन महिने मी सुटीच्या दिवशी या कामाला लागले. माझ्या वहीत तेव्हाची टिपणं आहेत. त्यांचा सारांश असा. ब्रिटनचं पीठ, मांस, तेल, खनिज, सगळं समुद्रावरून येत होतं. जर्मनांचा हिशोब साधा होता: शत्रू जितकी जहाजं बांधतो त्यापेक्षा जास्त बुडवायची. मग ब्रिटनला लढाई न हरताही शरण यावं लागेल. अमेरिका युद्धात उतरल्यावर पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर आल्या. इथे जहाजं एकेकटी जात होती. संरक्षक ताफे वसंत सरत आला तेव्हा सुरू झाले. पुढे अमेरिकेच्या गोद्यांनी जहाजं इतक्या वेगाने बांधली आणि विमानांनी पाणबुड्यांना असं घेरलं, की १९४३च्या मध्यावर तो हिशोब उलटला. पॅसिफिकमध्ये अमेरिकन पाणबुड्यांनी तोच हिशोब जपानविरुद्ध मांडला आणि पुरा करून दाखवला. दोन्ही समुद्रांवर मोजमापाचं एकक टन हे होतं. माणूस नव्हता.

फेब्रुवारीत मी वॉशिंग्टनला गेले. तिथल्या सरकारी दफ्तरखान्यात युद्धानंतर हाती लागलेल्या जर्मन नौदलाच्या रोजनिश्या मायक्रोफिल्मवर ठेवल्या होत्या. मला जर्मन येत नाही. तिथल्या एका कर्मचाऱ्याने पडद्यावरच्या ओळी इंग्रजीत वाचून दाखवल्या. आमच्या जहाजाबद्दल साडेतीन ओळी होत्या. वेळ, नकाशावरचा चौकोन, अंदाजे वजन. वजन खऱ्यापेक्षा बरंच फुगवलेलं होतं. शेवटची अर्धी ओळ अशी, की किनाऱ्यावरचे दिवे लागलेले असल्याने जहाजाची आकृती त्यांच्यासमोर स्वच्छ दिसत होती.

वाचलेल्यांच्या जबान्या अमेरिकन नौदलाने घेतल्या होत्या. त्याही मिळाल्या. कप्तान, दोन अधिकारी आणि वायरलेसवाला यांची नावं आणि म्हणणं तीन पानांत होतं. भारतीय खलाशांबद्दल एक वाक्य होतं. ते शिस्तीने वागले, एवढंच.

परत आल्यावर मी आमच्याच दैनिकाच्या १९४२च्या फायली काढल्या. जहाज बुडालं त्या आठवड्यात त्याबद्दल एक शब्द नव्हता, सेन्सॉर होता. मात्र आतल्या पानावर किनाऱ्यावरच्या हॉटेलमालकांची एक बातमी होती. दिवे मालवले तर पुढचा सीझन बुडेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मी ते आणि पाणबुडीची अर्धी ओळ शेजारी शेजारी ठेवून एक परिच्छेद लिहिला.

संपादकांनी तो वाचला आणि काढला.

"यात चूक काय आहे?" मी विचारलं.

"चूक काहीच नाही. यातली दोन हॉटेलं अजून चालू आहेत आणि पुरवणीच्या मागच्या पानावर त्यांची जाहिरात आहे."

तीन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. घरी नवऱ्याला सांगितलं, की खरं असून छापत नाहीत, अशा ठिकाणी किती दिवस राहायचं याचा विचार करायला हवा.

आणखी एक गोष्ट बाकी होती. मृताचं नाव दोन ठिकाणांहून पक्कं झाल्याशिवाय छापायचं नाही, असा आमच्याकडे नियम होता. काका एक ठिकाण झाले. दुसऱ्यासाठी मी लंडनमधल्या, बुडालेल्या खलाशांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला लिहिलं. मार्चमध्ये त्या जहाजाच्या मृतांच्या यादीची छायाप्रत आली. थोरल्या भावाचं नाव तिच्यात नव्हतं. मी यादी तीनदा वाचली. त्याच गावचं, त्याच बापाचं, दुसरंच एक नाव होतं.

मी यादी घेऊन वेस्ट विंडसरला गेले. काकांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून ते नाव मी वाचून दाखवलं. "हा कोण, काका?"

"तो मी," काका म्हणाले.

मुलगा घरात नव्हता. सून वर होती. काकांनी उठून खोलीचं दार लावलं आणि पुढचं सगळं सलग सांगितलं.

खलाशाकडे कंपन्यांच्या शेऱ्यांचा एक दाखला असायचा. खलाशी त्याला नळी म्हणत. पूर्वी हे कागद पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवत, त्यावरून तो शब्द आला असं काकांचं म्हणणं. युद्धाच्या तोंडावर हिंदी खलाशांनी पगारवाढीसाठी विलायतेच्या बंदरांत काम बंद ठेवलं होतं. थोरला त्यांच्यात पुढे होता. त्याच्या नळीवर वाईट शेरा बसला आणि त्याला जहाज मिळेना. १९४१ साली सारंग कलकत्त्याला लागलेल्या त्या जहाजासाठी मुंबईत माणसं गोळा करत होता तेव्हा काकांना जायचं होतं, नाव पक्कं झालं होतं, आणि नेमका ताप आला. सारंगाला माणूस कमी पडत होता. थोरला काकांची नळी घेऊन गेला.

"फोटो?"

"फोटोत दोघं सारखेच. आणि गोऱ्या साहेबाला आम्ही सगळेच सारखे."

हे काही काकांच्या घरचंच नव्हतं. भाऊ भावाच्या, मेहुणा मेहुण्याच्या नळीवर जायचा. सारंग ओळख पटवायचा, काम झालं की नळी परत यायची. या वेळी परत आली नाही. गावाला तार आली ती काकांच्या नावाची. आई तार ऐकत असताना, बरे होऊन गावी परतलेले काका तिच्यासमोर बसलेले होते.

"मग खरं का नाही सांगितलं?"

"कोणाला? सारंग बुडाला. सांगितलं असतं तर तुरुंग माझ्या वाट्याला. वर्षभरात इतकी जहाजं बुडाली की खलाशी मिळेनात. शेरा बघायला कोणाला वेळ नव्हता. थोरल्याची नळी घरात पडून होती. ती घेतली आणि गेलो. तेव्हापासून मी तोच."

आता ते नाव मला का सवयीचं वाटलं होतं ते कळलं. मंडळाच्या पत्त्यांच्या वहीत, मुलाच्या नावानंतर, वडिलांचं नाव म्हणून तेच छापलेलं होतं.

जहाजावरचा एक जण अजून जिवंत असल्याचं काकांना माहीत होतं. तो सुकाणी होता, म्हणजे चाकावर उभा राहणारा. तो होडीतून वाचला होता आणि आता गावात राहत होता. मी त्याला लिहिलं. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. शाळामास्तरांच्या हातचं आणि खाली सुकाण्याचा अंगठा. थोरला डाव्या बाजूच्या होडीची दोरी सोडत होता आणि ती होडी उलटली, असं त्यात होतं. न्यूयॉर्कला आणल्यावर अमेरिकन साहेबांनी बुडालेल्यांची नावं विचारली. खरी सांगितली तर वाचलेल्यांच्याही नळ्या तपासतील या भीतीने सगळ्यांनी नळीवरचीच नावं सांगितली. ती चूक माझीही आहे, असं सुकाण्याने लिहवून घेतलं होतं. थोरल्याचं नाव त्याने पूर्ण, वडिलांच्या नावासकट दिलं होतं.

नियमाप्रमाणे नाव पक्कं झालं. मी मजकूर लिहिला. तो छापखान्यात जायला चार दिवस होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत मुलगा दैनिकाच्या पार्किंग लॉटमध्ये उभा होता. काकांनी त्याला रविवारी सगळं सांगितलं होतं.

"गावाहून उत्तर आलं?" त्याने विचारलं.

"काल आलं. पक्कं आहे. काकांना अजून सांगितलेलं नाही."

"पक्कं," तो म्हणाला. "मग हेही पक्कं लिहून घे. माझ्या बर्थ सर्टिफिकेटवर वडील कोण? बाबांचा भाऊ. पासपोर्टवर तोच. मी बाबांना इकडे आणायला स्पॉन्सर केलं, त्या पेपर्सवर तोच. ऑफिसच्या सिक्युरिटी क्लिअरन्सच्या फॉर्मवर तोच. आणि प्रत्येक ठिकाणी खाली माझी सही आहे, की हे खरं आहे. क्लिअरन्स या वर्षी रिन्यूला आलाय, आणि तो नसेल तर नोकरी नाही."

"तुला माहीत नव्हतं. तुझी चूक नाही."

"हे तू त्यांना सांगणार? बाबांना परत पाठवलं तर? जाणार कुठे? तिकडे कागदावर ते मेलेत, यार."

"काकांना हवंय हे."

"म्हणून तर तुझ्याकडे आलो. त्यांना नाही म्हणायला मला जमत नाही. तू म्हण. तुम्हा पेपरवाल्यांकडे रीझन असतं. जागा नव्हती म्हण."

"आणि पत्र?"

"पत्र आलंच नाही म्हण."

तो गाडीत बसला, काच खाली केली आणि म्हणाला, "बाबांचा भाऊ त्रेचाळीस वर्षं थांबलाय. म्हणून उद्यापासून आम्ही आमचं सगळं थांबवायचं का?"

त्या दुपारी मी संपादकांना सांगितलं, की भारतीय खलाशाचं नाव एकाच ठिकाणाहून मिळालंय, दुसरं मिळालेलं नाही. त्यांनी पेन्सिलने तेवढा भाग खोडला आणि सावधगिरीबद्दल माझं कौतुक केलं. पत्र माझ्या पर्समध्ये होतं. नोकरीत जाणूनबुजून दिलेली ती माझी पहिली खोटी माहिती.

पुरवणी मे महिन्यात निघाली. मुलाने पाच अंक विकत घेतले. पुढच्या शनिवारी मी गेले तेव्हा काका मागच्या अंगणात टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. गाठ मारून झाल्यावर बोलले.

"सूनबाईने दोनदा वाचलं. जहाज आहे. ताग आहे. कप्तानाचं नाव आहे. आमचा कुठाय?"

"जागा नव्हती, काका."

"केवढी जागा लागते गो? तीन शब्द."

मी पडलेली एक काठी उचलून रोपाशी टेकवली.

"सुकाण्याचं काय? त्यानं लिहिलं नाही?"

"उत्तर आलं नाही."

त्यांनी हातातली दोरी खाली ठेवली. "तो न लिहिणारा नव्हे," ते म्हणाले. "म्हणजे गेला. शेवटचा तोच होता."

मुलाने नंतर फोनवर सांगितलं, की काकांनी दहा दिवस मासळी खाल्ली नाही आणि दाढी केली नाही. सुकाण्याचं सुतक पाळत होते. सुकाणी तेव्हा गावात जिवंत होता. हे मला माहीत होतं आणि मुलालाही माहीत होतं. आम्ही दोघांनीही काकांना सांगितलं नाही. मुलाचा क्लिअरन्स त्या वर्षाअखेरीस रिन्यू झाला.

काकांनी तो विषय माझ्याजवळ पुन्हा काढला नाही. मंडळाच्या कार्यक्रमांत भेटत. माझ्या मुलांची चौकशी करत. एकदा एका नवीन आलेल्या विद्यार्थ्याला माझी ओळख करून देताना म्हणाले, "ही पेपरात असते. चुका काढते."

१९८७च्या शरद ऋतूत ते वारले. हॉस्पिटलच्या दाखल्यावर आणि आमच्या दैनिकात, दोन्हीकडे नाव थोरल्याचं होतं. दैनिकातला मजकूर मी तपासला. अंत्यविधीला मुलाने इंग्रजीत चार वाक्यं म्हटली, त्यांत युद्धाचा उल्लेख नव्हता.

वर्षभराने मी मुलाला विचारलं, की आता सुकाण्याचं पत्र लंडनला पाठवू का. तो म्हणाला, "पाठव. आता त्यांचं काय करणार कोण." मी पत्राची प्रत आणि तिचं इंग्रजी भाषांतर पाठवलं. कार्यालयाने उत्तर दिलं, की मृताच्या नोंदीत बदल करता येतो, पण अर्ज जवळच्या नातेवाइकाच्या सहीनेच यायला हवा. सोबत अर्जाचा कोरा नमुना होता. त्यात मृताशी असलेलं नातं लिहून खाली, हे खरं आहे, अशी सही करायची होती. तो मी १९८९च्या वसंतात मुलाच्या हातात दिला. त्याने तो वाचला आणि घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला.

त्या वर्षीच्या डिसेंबरात मी लंडनला चौकशी केली. अर्ज आलेला नव्हता.